वळचणीखालचा कॅमेरा आणि समोरच्या घराचं दार

२००७ साली ६ आणि ७ ऑक्टोबरच्या मधल्या रात्री चेक प्रजासत्ताकातल्या एका घराच्या खिडकीची काच फुटली. कुणीतरी गलोलीने नेम धरून मारली होती. त्या कुटुंबाला हा प्रकार नवा नव्हता. अनोळखी माणसांचे हल्ले काही वर्षं चालूच होते. २००५ ते २००७ या काळात खिडक्या अनेकदा फुटल्या होत्या आणि फोडणारा कोण हे एकदाही कळलं नव्हतं. या वेळी एकच गोष्ट वेगळी होती. ५ ऑक्टोबरपासून घराच्या वळचणीखाली एक कॅमेरा चालू झाला होता, आणि काच फुटली ती त्याच्या दुसऱ्याच रात्री.

फुटेजवरून दोन संशयितांची ओळख पटली. घरमालकाने ते फुटेज पोलिसांना दिलं आणि पुढे फौजदारी कारवाईत ते पुरावा म्हणून वापरलं गेलं. घरावर कॅमेरा लावणाऱ्या माणसाला याहून जास्त काय हवं असतं? चोर असो वा काच फोडणारा, तो दिसावा, ओळखला जावा आणि कायद्याच्या हाती लागावा, एवढ्यासाठीच हा खटाटोप असतो. इथे ते सगळं झालं.

मग त्या दोघांपैकी एका संशयिताने सरकारी कार्यालयात एक प्रश्न विचारला. ज्या कॅमेऱ्याने मला टिपलं, तो लावणं मुळात कायदेशीर होतं का?

त्या प्रश्नाचा प्रवास युरोपीय संघाच्या न्यायालयापर्यंत झाला. ११ डिसेंबर २०१४ रोजी तिथून निकाल आला. प्रकरणाचा क्रमांक सी-२१२/१३. काच फुटल्याला तेव्हा सात वर्षं उलटून गेली होती. घरमालकाचं नाव निकालपत्रात आहे, पण मी ते इथे लिहीत नाही. तो काही सार्वजनिक जीवनातला माणूस नव्हता. आपल्या घराच्या काचा वाचवायला निघालेला एक गृहस्थ होता.

कॅमेरा कसा होता

निकालपत्रात कॅमेऱ्याचं वर्णन बारकाईने आलं आहे आणि सगळं प्रकरण त्या वर्णनावरच उभं आहे. कॅमेरा एका जागी पक्का बसवलेला होता, वळत नव्हता. त्यात दिसायचं ते असं: घराचं स्वतःचं प्रवेशद्वार, समोरची सार्वजनिक पायवाट आणि पलीकडच्या घराचं प्रवेशद्वार. आवाज नोंदला जात नव्हता, फक्त चित्र. ते एका हार्ड डिस्कवर अखंड साठत राही आणि डिस्क भरली की जुन्या चित्रणावर नवं चढे. चित्र पाहण्याचा पडदा (मॉनिटर) जोडलेलाच नव्हता, त्यामुळे बसल्या जागी रस्त्यावर नजर ठेवण्याची सोयच नव्हती. डिस्कपर्यंत पोचणारा माणूस एकच, स्वतः घरमालक. ही यंत्रणा ११ एप्रिल २००८ पर्यंत चालली.

हे वाचताना मला त्या माणसाबद्दल आदर वाटला. त्याला शेजाऱ्यांवर पाळत ठेवायची असती तर त्याने पडदा लावला असता, आवाज घेतला असता, फिरणारा कॅमेरा घेतला असता. त्याने यातलं काहीच केलं नाही. चित्रण गुपचूप साठत राहावं, काही घडलं तरच उघडून पाहावं, नाही घडलं तर आपोआप पुसलं जावं, अशी ती रचना होती. घराच्या रक्षणासाठी कॅमेरा लावणाऱ्याने इतका संयम पाळावा ही फार मोठी गोष्ट आहे. आजच्या कॅमेऱ्यांमध्ये मोबाइलवर सतत दृश्य पाहण्याची, आवाज ऐकण्याची आणि फुटेज दूरच्या सर्व्हरवर साठवण्याची सोय बहुतेक वेळा आधीपासूनच चालू असते. २००७ सालच्या या घरमालकाचा कॅमेरा त्या मानाने फार सौम्य होता.

तरीही कायद्याने त्याला अडवलं, ते तिसऱ्या दृश्यापाशी. पलीकडच्या घराच्या दारापाशी.

कार्यालयाचा निर्णय

४ ऑगस्ट २००८ रोजी चेक प्रजासत्ताकाच्या वैयक्तिक माहिती संरक्षण कार्यालयाने घरमालकाने कायदा मोडल्याचा निर्णय दिला. तिथल्या २००० सालच्या कायद्यानुसार तो 'माहितीचा नियंत्रक' ठरला. म्हणजे जी मोठी संस्था लोकांची माहिती गोळा करते, तिच्यावरच्या जबाबदाऱ्या यालाही लागू. रस्त्याने जाणाऱ्यांची आणि समोरच्या घरात शिरणाऱ्यांची चित्रं त्याने त्यांच्या संमतीशिवाय घेतली होती. चित्रण कशासाठी होतंय, कोण करतंय, कुणाच्या हाती जाऊ शकतं, हे त्यांना सांगितलं नव्हतं. शिवाय अशा चित्रणाची कार्यालयाकडे नोंद करायची असते, तीही केलेली नव्हती.

घरमालक न्यायालयात गेला. प्रागच्या न्यायालयाने २५ एप्रिल २०१२ रोजी त्याची मागणी फेटाळली. तो तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयात गेला. त्या न्यायालयाने सुनावणी थांबवून युरोपीय न्यायालयाला एक नेमका प्रश्न विचारला. युरोपीय संघाच्या १९९५ च्या माहिती संरक्षण निर्देशात, म्हणजे सदस्य देशांना बांधील असलेल्या नियमांत, 'केवळ वैयक्तिक किंवा घरगुती कामासाठी' केलेल्या नोंदींना सूट आहे. आपल्या घराचं, कुटुंबाचं रक्षण करायला घरावर लावलेला कॅमेरा सार्वजनिक जागाही टिपत असेल, तर तो या सुटीत बसतो का?

सामान्य माणसाचं उत्तर काय असेल हे मला ठाऊक आहे, कारण पहिल्यांदा वाचताना माझंही तेच होतं. घर माझं, कॅमेरा माझा, भीती माझी, मग याहून घरगुती काय असणार?

न्यायालयाने हे मानलं नाही आणि त्याची मांडणी समजून घेण्यासारखी आहे. माणूस ओळखू येईल असं त्याचं चित्र ही त्याची वैयक्तिक माहिती होय. ती हार्ड डिस्कवर साठवणं म्हणजे त्या माहितीवर यंत्राने प्रक्रिया करणं. सूट ही नियमाला केलेला अपवाद आहे, तेव्हा तिचा अर्थ काटेकोरच लावायला हवा. घरगुती काम कशाला म्हणायचं? पत्रव्यवहार, पत्त्यांची वही. यांत दुसऱ्यांची माहिती येते, पण ती आपल्या खासगी वर्तुळातून बाहेर पडत नाही. कॅमेरा घराच्या भिंतीवर असला तरी त्याचं तोंड बाहेर आहे. सार्वजनिक जागेचा थोडा भागही तो टिपत असेल, तर ते काम 'केवळ' घरगुती राहत नाही. न्यायालयाचे अ‍ॅडव्होकेट जनरल, म्हणजे निकालाआधी स्वतंत्र मत देणारे अधिकारी, नीलो यास्किनेन यांनी त्याच वर्षी जुलैमध्ये दिलेल्या अभिमतातही हाच निष्कर्ष होता.

निकालाची दुसरी बाजू

या निकालाचा सारांश बऱ्याचदा 'रस्त्याकडे तोंड असलेला कॅमेरा बेकायदा' असा सांगितला जातो. ते चूक आहे. सूट मिळाली नाही याचा अर्थ एवढाच की कायदा लागू झाला. आणि लागू झालेल्या त्याच कायद्यात घरमालकाच्या बाजूची कलमंही होती. न्यायालयाने ती नावानिशी दाखवून दिली. कलम ७(फ) नुसार नियंत्रकाच्या रास्त हितासाठी संमतीशिवायही माहिती घेता येते, आणि मालमत्ता, आरोग्य, स्वतःचा व कुटुंबाचा जीव यांचं रक्षण हे तसं हित असू शकतं. कलम ११(२) नुसार प्रत्येकाला कळवणं अशक्य किंवा अवाजवी कष्टाचं असेल तर तिथे सवलत आहे. कलम १३ नुसार गुन्ह्याचा तपास आणि खटला यांसाठी काही हक्क मर्यादित करता येतात.

एवढं सांगून युरोपीय न्यायालय थांबलं. या माणसाच्या बाबतीत तोलून पाहण्याचं काम चेक न्यायालयाचं होतं.

मला हा निकाल पटतो, जरी वाचताना त्या घरमालकासाठी जीव तुटतो. समोरच्या घरात राहणाऱ्यांचा विचार करा. त्यांनी कुणाची काच फोडली नव्हती. सहा महिने त्यांच्या दारातली प्रत्येक ये-जा, कोण पाहुणा आला, कोण रात्री उशिरा परतला, हे सगळं पलीकडच्या वळचणीखाली साठत होतं. त्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं. घरमालक भला असेल, कारणाशिवाय डिस्क उघडत नसेल, हे मान्य. पण त्यांचा खासगीपणा त्याच्या भलेपणावर अवलंबून होता आणि कायद्याला तेवढं पुरत नाही.

गलोलीची अडचण

तरी एक प्रश्न मला सतत छळतो. अशा वेळी सल्ला दिला जातो तो सरळ असतो: कॅमेरा आपल्या दारापुरता ठेवा, रस्ता टिपू नका. चोराच्या बाबतीत हा सल्ला उत्तम आहे. चोराला आत यावंच लागतं. त्याला फाटक ओलांडायचं असतं, दाराशी उभं राहायचं असतं, कुलपाशी खटपट करायची असते, पायरीवरचं पार्सल उचलायचं असतं. त्या दोन-तीन मीटरच्या टप्प्यावर नेमका रोखलेला कॅमेरा त्याला हमखास पकडतो.

गलोल मारणारा मात्र रस्त्यावर उभा असतो. कॅमेरा आपल्या भिंतीपुरता ठेवला असता तर फुटणारी काच दिसली असती, फोडणारा हात दिसला नसता. म्हणजे या घरमालकाला पायवाट टिपण्यावाचून गत्यंतर नव्हतं असं म्हणता येतं. समोरचं दार टिपण्यावाचून गत्यंतर नव्हतं का, हा वेगळा प्रश्न, आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच होता. कॅमेरा थोडा खाली झुकवला असता, किंवा समोरच्या दाराचा भाग झाकला असता, तर पायवाट राहिली असती आणि शेजाऱ्याचा उंबरा सुटला असता. आज बहुतेक कॅमेऱ्यांत चित्राचा नको तो चौकोन काळा करण्याची सोय असते. ती दोन मिनिटांत लावता येते आणि तरी फार थोडे लोक ती वापरतात.

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगायलाच हवी, कारण खासगीपणा जपणं आणि गुन्हेगार पकडणं ही दोन परस्परविरोधी कामं आहेत असा समज पक्का बसला आहे. आयईसी ६२६७६-४ या कॅमेऱ्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत चित्रणाच्या पातळ्या दिल्या होत्या. अनोळखी माणसाची ओळख खात्रीने पटावी यासाठी दृश्याच्या प्रत्येक मीटर रुंदीला २५० पिक्सेल लागतात. आधी पाहिलेला माणूस ओळखायला १२५ पुरतात. इथे कुणीतरी आहे एवढंच कळायला २५. आता फुल एचडी कॅमेऱ्याचं चित्र १९२० पिक्सेल रुंद असतं. ते २५० ने भागलं की साडेसात मीटरच्या थोडं वर येतं. दृश्याची रुंदी याहून जास्त झाली की ओळख पटवण्याची पातळी हातातून गेली. वीस मीटर रुंद रस्ता एका कॅमेऱ्यात बसवलात तर मीटरला ९६ पिक्सेल उरतात, म्हणजे ओळखीचा माणूससुद्धा खात्रीने सांगता येणार नाही. वर रात्रीचा अंधार, चालत्या माणसाचं पुसट होणारं चित्र आणि टोपी.

म्हणून सगळा रस्ता टिपणारा कॅमेरा शेजाऱ्यांना अकारण त्रास देतो आणि चोराला सोडून देतो. चेहऱ्याच्या उंचीच्या जवळ, दाराच्या वाटेवर, अरुंद दृश्य धरणारा कॅमेरा दोन्ही बाजूंनी जास्त कामाचा. एक कॅमेरा उंचावरून सगळं पाहील आणि चेहराही देईल, ही अपेक्षाच चुकीची आहे. उंचावरून टोपीचा वरचा भाग दिसतो.

पुरावा म्हणून

या प्रकरणात तीन प्रश्न एकमेकांत मिसळले जातात, ते वेगळे ठेवले पाहिजेत. कॅमेरा लावणं कायदेशीर होतं का? फुटेज फौजदारी खटल्यात वापरता येतं का? आणि त्या फुटेजवरून गुन्हा सिद्ध होतो का? युरोपीय न्यायालयापुढे फक्त पहिला होता, तोही एका अंगाने. संशयिताच्या मनात काय होतं हे निकालपत्र सांगत नाही. पण कॅमेराच बेकायदा ठरवून फुटेज बाद करून घ्यायचं, ही बचावाची जुनी वाट आहे. ती वाट बंद ठेवायची तर कॅमेरा लावतानाच बंद करावी लागते. चोरी झाल्यावर ते जमत नाही.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नासाठी लागतं ते अगदी साधं असतं. कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर हवं. ते दहा मिनिटं मागे असेल तर 'मी तेव्हा दुसरीकडे होतो' म्हणणाऱ्याला खोडून काढणं अवघड जातं, म्हणून ते इंटरनेटवरच्या वेळेशी आपोआप जुळतं ठेवावं. फुटेज देताना मूळ फाइल द्यावी. पडद्यावर चालू असलेलं चित्र मोबाइलने टिपून पाठवू नये, त्यात पिक्सेलही जातात आणि वेळेची नोंदही जाते. मूळ फाइलचा हॅश, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून गणिताने निघणारा तिचा ठसा, काढून ठेवला, एसएचए-२५६ सारख्या पद्धतीने, तर नंतर कुणी एक बिट जरी बदलला तरी तो लगेच उघड होतो. आणि डिस्कवर जुन्यावर नवं चढत असतं हे विसरू नये. या घरमालकाची डिस्कही तशीच होती. त्याने फुटेज वेळेत काढलं नसतं तर दुसऱ्या रात्रीचं चित्रण एखाद्या शांत, रिकाम्या रात्रीखाली गेलं असतं.

फुटेज काय सिद्ध करतं, याबद्दलही अपेक्षा रास्त हवी. ते बहुधा हजेरी सिद्ध करतं. अमुक माणूस अमुक वेळी अमुक जागी होता. बाकीचं पोलिसांनी जोडायचं असतं.

त्याने जे केलं नाही

घरमालकाने फुटेज पोलिसांनाच दिलं. हे वाक्य छोटं आहे, पण माझ्या दृष्टीने या प्रकरणातली ही सगळ्यात मोलाची कृती. आज तेच फुटेज तासाभरात गटागटांत फिरलं असतं, खाली 'हाच तो चोर' असं लिहून. युरोपीय न्यायालयाने याबाबतही आधीच मर्यादा आखली होती. ६ नोव्हेंबर २००३ च्या एका स्वीडिश प्रकरणात त्याने म्हटलं होतं की कुणालाही पाहता येईल अशा रीतीने दुसऱ्याची माहिती इंटरनेटवर टाकणं हे घरगुती काम नाही. १४ फेब्रुवारी २०१९ च्या लॅट्व्हियातल्या प्रकरणात व्हिडिओच्या बाबतीतही तेच सांगितलं.

पण कायद्यापलीकडचं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मीटरला ९६ पिक्सेलच्या चित्रावरून शेजारी चुकीच्या मुलाला ओळखतात. असा मुलगा पुढे निर्दोष ठरला तरी गल्लीतल्या नजरा बदलत नाहीत. आणि चोर खराच असेल, तर सगळ्या साक्षीदारांनी आधी व्हिडिओ पाहिलेला असतो. मग त्यांची ओळख ही त्या रात्रीच्या आठवणीतली की मोबाइलवरच्या चित्रातली, हे बचावाचा वकील विचारणारच.

पाच वर्षांनी, लिफ्टमध्ये

बरोबर पाच वर्षांनी, ११ डिसेंबर २०१९ रोजी, त्याच न्यायालयाने रोमानियातल्या एका प्रकरणात निकाल दिला. क्रमांक सी-७०८/१८. इथे थेट चोऱ्याच होत्या. एका इमारतीत अनेक सदनिकांत आणि सामाईक जागेत घरफोड्या, चोऱ्या झाल्या होत्या आणि लिफ्टची वारंवार नासधूस झाली होती. मालकांच्या संघटनेने एप्रिल २०१६ मध्ये ठराव करून तीन कॅमेरे लावले. एक इमारतीच्या दर्शनी भागाकडे, एक तळमजल्याच्या वाटेवर, एक लिफ्टमध्ये. एका सदनिकामालकाने आक्षेप घेतला.

न्यायालयाने सांगितलं की अशा वेळी प्रत्येकाची संमती असलीच पाहिजे असं नाही, पण तीन गोष्टी तपासाव्या लागतील. हित खरं आणि आजचं आहे का, फक्त कल्पनेतलं नाही ना? कॅमेऱ्यावाचून काम भागत नाही, अशी स्थिती आहे का? आणि राहणाऱ्यांच्या खासगीपणापेक्षा ते हित जड आहे का? इथे संघटनेच्या बाजूने एक ठोस गोष्ट होती. आधी त्यांनी चुंबकीय कार्डाचं आणि इंटरकॉमचं दार बसवून पाहिलं होतं, तरी चोऱ्या थांबल्या नव्हत्या. हलका उपाय आधी करून पाहिला होता आणि तो अपुरा पडला होता. शिवाय कॅमेरे सामाईक जागेपुरते होते.

आता १९९५ च्या निर्देशाच्या जागी २५ मे २०१८ पासून जीडीपीआर हा युरोपीय संघाचा नवा माहिती संरक्षण कायदा लागू आहे. घरगुती कामाची सूट त्यातही तशीच आहे, तेव्हा वळचणीखालच्या कॅमेऱ्याचा निकाल आजही लागू पडतो. युरोपीय माहिती संरक्षण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, फुटेज ७२ तासांपेक्षा जास्त ठेवायचं तर त्याचं कारण तितकंच भक्कम द्यावं लागतं, आणि कॅमेऱ्याची सूचना माणूस त्याच्या टप्प्यात शिरण्याआधी, साधारण डोळ्यांच्या उंचीवर दिसायला हवी.

रोमानियातलं ते लिफ्टचं प्रकरण बुखारेस्टच्या न्यायालयाकडे परत पाठवताना युरोपीय न्यायालयाने एक व्यावहारिक प्रश्न पुढे ठेवला. कॅमेरे फक्त रात्री, किंवा कामाच्या वेळेबाहेर चालू ठेवून भागेल का? आणि जिथे पाळत लागत नाही तिथलं चित्र झाकता येईल का? २००७ साली त्या घरमालकाला हे दोन प्रश्न कुणी विचारले असते, तर त्याने बहुधा समोरचं दार आनंदाने झाकलं असतं.